ताडपत्रांचे ‘तमिळ आजोबा’

दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कविता आज संगणकाच्या पडद्यावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. एखादी ओळ अडली तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला तिचा अर्थ विचारता येतो आणि ते उत्तर इंग्रजीत, हिंदीत, इतकेच नव्हे तर मराठीतही क्षणार्धात मिळू शकते. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की हे सारे साहित्य मुळात आले कोठून, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक १८८० साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकविणाऱ्या पंडितानेही या भाषेतील श्रेष्ठ प्राचीन महाकाव्ये डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्या पंडिताने पुढे आपल्या आयुष्याची साठ वर्षे या ग्रंथांच्या शोधात वेचली आणि विस्मृतीच्या काठावर पोहोचलेले एक संपूर्ण वाङ्मयविश्व परत आणले. त्यांचे नाव उत्तमदानपुरम वेंकटसुब्बैयर स्वामिनाथ अय्यर. तमिळ जनता त्यांना प्रेमाने ‘तमिळ ताता’, म्हणजे ‘तमिळ आजोबा’, म्हणते.

स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५५ रोजी कुंभकोणमजवळच्या सूरियमूलै या आजोळच्या गावी झाला. तंजावरच्या मराठा राजघराण्यातील अखेरचे राजे दुसरे शिवाजी यांचे निधनही त्याच वर्षी झाले. व्यंकोजीराजांनी कावेरीच्या खोऱ्यात रोवलेली राजवट अशा रीतीने इतिहासजमा होत असतानाच त्या खोऱ्यात हे मूल जन्माला आले. सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय हस्तलिखितांच्या जतनाचा आदर्श म्हणून तंजावरात उभे होतेच. अय्यरांचे मूळ गाव उत्तमदानपुरम. एकादशीच्या दिवशी चुकून विडा खाल्ल्याबद्दल तंजावरच्या एका राजाने प्रायश्चित्त म्हणून हे गाव ब्राह्मणांना दान दिले, अशी त्याची आख्यायिका आहे. आख्यायिकेतील काळ पाहता ती मराठा राजवटीच्याच दिवसांत बसते.

वडील वेंकटसुब्बैयर हे गायक आणि कथेकरी होते. कथागायनावर मिळणाऱ्या बिदागीत संसार चालायचा, त्यामुळे कुटुंबाला या गावाहून त्या गावी हिंडावे लागे. मुलाने संगीतात नाव काढावे, ही वडिलांची इच्छा. इंग्रजी शिकला तर सरकारी नोकरी मिळेल, असा आप्तेष्टांचा सल्ला. मुलाचे मन मात्र तमिळ कवितेत गुंतले होते. ज्या गावात तमिळ जाणणारा शिक्षक असेल, तेथे बिऱ्हाड हलवायचे आणि त्याच्याजवळचे शिकून संपले की पुढचा शिक्षक शोधायचा, असा क्रम काही वर्षे चालला. एका गरीब पित्याने मुलाच्या या वेडापायी सोसलेली ओढाताण अय्यर आयुष्यभर विसरले नाहीत.

१८७१ मध्ये मायवरम, म्हणजे आजचे मयिलाडुतुरै, येथे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पिळ्ळै हे त्या काळातील तमिळचे सर्वश्रेष्ठ कवी-पंडित. जातीने ते ब्राह्मण नव्हते, शिष्य ब्राह्मण होता, पण विद्येच्या व्यवहारात हा भेद आड आला नाही. शिष्याचे जन्मनाव वेंकटरामन. घरात हाक मारण्याचे ‘सामिनाथन’ हे नावच गुरूंनी पसंत केले आणि पुढे तेच रूढ झाले. वडिलांच्या इच्छेनुसार अय्यर त्या दिवसांत ‘नंदनार चरित्रा’चे कर्ते गोपालकृष्ण भारती यांच्याकडे संगीतही शिकू लागले होते. गुरूंना ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी संगीताचा नाद सोडून दिला. गुरू पद्य सांगत आणि शिष्य ते ताडपत्रावर उतरवून घेई. या सरावातून ताडपत्रावरची अक्षरे त्यांच्या नजरेला सरावली. पुढील आयुष्यातील कार्याची ही नकळत झालेली पूर्वतयारी होती.

पिळ्ळै हे तिरुवावडुतुरै येथील शैव मठाशी निगडित होते. मठात शिकविले जाई ते प्रामुख्याने उत्तरकालीन वाङ्मय: स्थलपुराणे, अंतादी, कोवै, उला, पिळ्ळैतमिळ अशा प्रकारांतील शेकडो रचना. तेच तमिळचे सर्वस्व आहे, अशी तेथील विद्वानांची प्रामाणिक समजूत होती. १८७६ च्या फेब्रुवारीत पिळ्ळै निवर्तले. त्यानंतरही मठाधिपती सुब्रमण्य देशिकर यांनी अय्यरांना आश्रय दिला. १८८० मध्ये कुंभकोणम कॉलेजातील तमिळ पंडित त्यागराज चेट्टियार निवृत्त झाले. तेही पिळ्ळै यांचेच शिष्य. आपल्या जागी त्यांनी अय्यरांची शिफारस केली आणि पंचविशीतील हा तरुण सरकारी कॉलेजात अध्यापक झाला. चरितार्थाची विवंचना मिटली. येथपर्यंतची कहाणी ही एका गरीब, बुद्धिमान मुलाच्या यशाची कहाणी आहे आणि ती येथेच संपली असती तरी कोणाला काही उणे वाटले नसते.

परंतु २१ ऑक्टोबर १८८० रोजी या आयुष्याला कलाटणी मिळाली. सेलम रामस्वामी मुदलियार हे कुंभकोणमला मुन्सफ म्हणून बदलून आले होते. अय्यर शिष्टाचार म्हणून त्यांच्या भेटीस गेले. मुदलियारांनी त्यांना काय काय वाचले आहे, असे विचारले. अय्यरांनी मठात शिकलेल्या ग्रंथांची लांबलचक यादी ऐकविली. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची रेषाही उमटली नाही. एवढे वाचून उपयोग काय, असा त्यांचा एकूण रोख होता. मग त्यांनी ‘जीवक चिंतामणी’, ‘शिलप्पदिकारम्’, ‘मणिमेखलै’ यांविषयी विचारणा केली. अय्यरांना ही नावे ठाऊक होती, पण ग्रंथ त्यांनी पाहिलेले नव्हते आणि त्यांच्या गुरूंनीही ते शिकविले नव्हते. दुसरा एखादा पंडित अपमान गिळून घरी परतला असता. अय्यरांनी मात्र ग्रंथ मिळाल्यास अभ्यास करण्याची तयारी दाखविली आणि मुदलियारांनी आपल्याजवळची ‘जीवक चिंतामणी’ची हस्तलिखित प्रत त्यांच्या हवाली केली. आपल्याला येते ते संपूर्ण नाही, हे कबूल करण्याचा त्या दिवशीचा प्रामाणिकपणा हीच त्यांच्या पुढील साऱ्या कार्याची बीजभूमी ठरली.

हे ग्रंथ विस्मरणात का गेले होते? त्याची दोन कारणे सांगता येतात. ‘जीवक चिंतामणी’ हे तिरुत्तक्कदेवर या जैन मुनीचे तीन हजारांहून अधिक श्लोकांचे महाकाव्य, तर ‘मणिमेखलै’ बौद्ध धर्माशी निगडित. शैव मठांच्या अभ्यासक्रमात अशा ग्रंथांना स्थान उरले नव्हते. दुसरे कारण भौतिक स्वरूपाचे आहे. दमट हवेत, वाळवीच्या तोंडी ताडपत्र फार काळ टिकत नाही. काही पिढ्या गेल्या की जुन्या पोथीवरून नवी पोथी उतरवून घ्यावी लागते. जो ग्रंथ कोणी शिकत नाही, त्याची प्रत कोणी करीत नाही आणि ज्याची प्रत होत नाही, तो मुकाट्याने नष्ट होतो. ग्रंथ जाळण्यासाठी आक्रमकच यावा लागतो असे नाही. त्याच्याविषयीची उदासीनताही तेच काम करते.

पोथी हाती आली तरी ती वाचणे सोपे नव्हते. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरली जात. तमिळ लिपीत व्यंजनावर ‘पुळ्ळी’ नावाचा ठिपका देतात. मराठीत पाय मोडण्याचे जे काम, तेच या ठिपक्याचे. परंतु टोकदार लेखणीने ठिपका दिल्यास पान फाटण्याची भीती, म्हणून लेखनिक तो गाळीत असत. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांतील फरकही दाखविला जात नसे. ‘र’ हे अक्षर आणि काना यांची आकृती सारखीच. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, मूळ पद्य कोठे संपले आणि टीका कोठे सुरू झाली याचा पत्ता नाही. अर्थ समजल्याखेरीज अक्षर लागत नाही आणि अक्षर लागल्याखेरीज अर्थ समजत नाही, असा हा पेच होता.

‘चिंतामणी’तील जैन संकल्पना अय्यरांना अडू लागल्या. शैव परंपरेत वाढलेल्या या ब्राह्मणाने सरळ कुंभकोणममधील जैन श्रावकांच्या घराची वाट धरली. तेथे गेल्यावर त्यांना आश्चर्याचा धक्का बसला. पंडितांच्या दृष्टीने जो ग्रंथ मृतवत झाला होता, त्याचे श्रद्धेने पारायण त्या घरात चालत होते. जैन मंडळींनी त्यांच्या शंकांचे मोकळेपणाने निरसन केले. ग्रंथ जिवंत राहतो तो केवळ पोथीत नव्हे, तर तो जाणणाऱ्या माणसांत, हा धडा अय्यरांना तेथे मिळाला.

‘चिंतामणी’वर नच्चिनार्किनियर यांची प्राचीन टीका आहे. हा टीकाकार जागोजाग जुन्या कवितांचे दाखले देतो, पण त्या कोणत्या ग्रंथातील हे सांगत नाही. ते मूळ शोधण्यासाठी अय्यरांनी तिरुवावडुतुरै मठातील पोथ्यांचे गठ्ठे उलगडले, तेव्हा त्यांच्या हाती ‘एट्टुत्तोगै’, म्हणजे आठ काव्यसंग्रह, लागले. एका महाकाव्याचा शोध घेताना संगम वाङ्मयाचा दरवाजा उघडला गेला. आठ संग्रह आणि दहा दीर्घकाव्ये मिळून सुमारे २,४०० कविता आणि ४७० हून अधिक कवी असा हा पसारा आहे. अभ्यासक त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व तिसरे शतक ते इ. स. तिसरे शतक असा मानतात. राजांचे पराक्रम, चारणांचे दारिद्र्य, प्रियकराची वाट पाहणारी तरुणी, डोंगर, समुद्रकाठ, शेते आणि वैराण भूमी असे लौकिक जीवन त्यात ओतप्रोत भरले आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’शी परिचित असलेल्या मराठी वाचकाला त्यातील प्रेमकवितांचे जग अनोळखी वाटणार नाही. या दोन परंपरांमधील साम्याकडे विद्वानांनीही लक्ष वेधले आहे.

‘जीवक चिंतामणी’ १८८७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्यासाठी अय्यरांनी गावोगावच्या रसिकांकडून आगाऊ वर्गणी गोळा केली आणि सुट्या खर्ची घालून मद्रासच्या छापखान्यात मुद्रिते तपासली. शैवाने जैन ग्रंथ छापावा, हे काही सनातनी मंडळींना मुळीच पसंत नव्हते. विरोध झाला, परंतु मठाधिपतींचा पाठिंबा आणि वाचकांचा प्रतिसाद यांपुढे तो टिकला नाही. त्यानंतर ग्रंथांमागून ग्रंथ आले. १८८९ मध्ये ‘पत्तुप्पाट्टु’, १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’, १८९८ मध्ये ‘मणिमेखलै’, १९०३ मध्ये ‘ऐंगुरुनूरु’, १९०४ मध्ये ‘पदिट्रुप्पत्तु’, १९१८ मध्ये ‘परिपाडल’ आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, १९३७ मध्ये, ‘कुरुंतोगै’. लहानमोठे मिळून नव्वदहून अधिक ग्रंथ त्यांच्या हातून प्रकाशात आले.

या कालावधीत त्यांनी केलेली भटकंती विलक्षण होती. आगगाडी जेथवर जाई तेथवर आगगाडीने, पुढे बैलगाडीने आणि अखेर पायी, असे ते तमिळ मुलखात हिंडले. पंडितांचे वंशज, कवींची घराणी, जमीनदारांचे वाडे, मठ, देवळे; जेथे पोथी असण्याची शक्यता, तेथे त्यांनी दार ठोठावले. अनेक ठिकाणी निराशा पदरी आली. करिवलम्वंदनल्लूर येथील देवस्थानात पोथ्यांचा मोठा साठा असल्याचे कळून ते तेथे पोहोचले, तर जीर्ण पोथ्या शास्त्रोक्त पद्धतीने तुपात भिजवून अग्नीला अर्पण केल्याचे त्यांना सांगण्यात आले. आषाढातील नदीपूजेच्या दिवशी जुन्या पोथ्या कावेरीत सोडण्याची चाल होती. ज्यांनी हे केले, ते ग्रंथद्वेष्टे नव्हते. अक्षराला पवित्र मानणारीच ती माणसे होती. पण त्या अक्षरांत काय आहे, हे जाणून घेण्याची परंपरा त्यांच्या घरांतून लोपली होती.

मराठी वाचकाला या भटकंतीवरून इतिहासाचार्य राजवाडे यांची आठवण होईल. राजवाडे अय्यरांपेक्षा आठ वर्षांनी लहान. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे ‘मणिमेखलै’च्याच वर्षाचा. दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडणारे राजवाडे आणि पोथ्यांच्या शोधात वणवण करणारे अय्यर एकाच जातकुळीचे.

अय्यरांच्या संपादनपद्धतीचे मर्म एका प्रसंगातून कळते. ‘कुरिंजिप्पाट्टु’ या दीर्घकाव्यात डोंगरी मुलखातील ९९ फुलांची नामावळी आहे. मिळालेल्या पोथ्यांत त्यातील काही फुलांची नावे गळालेली होती. वृत्तात बसतील अशी दोन-चार नावे घालणे अय्यरांसारख्या कवित्वसंपन्न पंडिताला अवघड नव्हते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. त्यांनी तसे केले नाही. ते धर्मपुरम मठात गेले. धर्मपुरम आणि तिरुवावडुतुरै हे दोन्ही मठ शैवांचे, पण त्यांच्यात जुना तंटा होता आणि अय्यर तर दुसऱ्या मठाचे शिष्य. तरीही त्यांनी तेथील पोथ्या पाहण्याची परवानगी मिळविली, गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडले आणि ती हरवलेली फुले शोधून काढली.

जेथे अशी फुले सापडली नाहीत, तेथे त्यांनी जागा रिकामी ठेवली. ‘पुरनानूरु’त ४०० कविता असल्या तरी २६७ आणि २६८ या क्रमांकांच्या कविता मिळत नाहीत आणि इतर काही कविता त्रुटित आहेत. ‘पदिट्रुप्पत्तु’च्या दहा दशकांपैकी पहिले आणि दहावे लुप्त आहे. ‘परिपाडल’च्या ७० गीतांपैकी जेमतेम २२ पूर्ण स्वरूपात उरली आहेत. अय्यरांच्या आवृत्त्यांत या उणिवा झाकलेल्या नाहीत. हरवलेले हरवले आहे, हे वाचकाला कळले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

याचा अर्थ त्यांनी वाचकाला कठीण पाठाच्या दारात एकटे सोडून दिले असा मुळीच नाही. कवींचे चरित्र, राजांची माहिती, कथेचा सारांश, पाठभेद, अवघड शब्दांवरील टिपा, समांतर उल्लेख आणि शब्दसूची अशा सामग्रीने त्यांच्या आवृत्त्या नटलेल्या असत. ‘मणिमेखलै’साठी त्यांना बौद्ध तत्त्वज्ञान मुळापासून शिकावे लागले. त्याविषयीचे ग्रंथ इंग्रजीत होते. कुंभकोणम कॉलेजातील सहकारी प्रा. रंगाचार्य यांनी ते वाचून त्यांना समजावून दिले. आपण समजून घ्यायचे आणि मग सामान्य वाचकाला समजेल अशा तमिळमध्ये सांगायचे, हे त्यांचे ब्रीद होते. ‘मणिमेखलै’ची कथा त्यांनी सुबोध गद्यात लिहून दिली ती यासाठीच.

या क्षेत्रात अय्यर एकटे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. जाफन्याचे सी. व. दामोदरम पिळ्ळै यांनी ‘तोल्काप्पियम्’ या व्याकरणग्रंथाच्या प्राचीन टीका आणि १८८७ मध्ये ‘कलित्तोगै’ प्रसिद्ध केले. आठ संगम संग्रहांपैकी पाच अय्यरांच्या हातून प्रकाशित झाले. उरलेले तीन इतर विद्वानांच्या परिश्रमाचे फळ आहे. मात्र सातत्य, व्याप्ती आणि काटेकोरपणा यांबाबतीत अय्यरांची बरोबरी करणारा दुसरा कोणी झाला नाही.

१९०३ मध्ये त्यांची बदली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झाली आणि १९१९ मध्ये ते तेथून निवृत्त झाले. १९०६ मध्ये सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली, तेव्हा महाकवी सुब्रमण्य भारती यांनी त्यांच्यावर गौरवपर कविता रचली. १९३२ मध्ये मद्रास विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. मद्रासमधील आपल्या घराला त्यांनी स्वतःचे वा कुलदैवताचे नाव न देता, कॉलेजातील नोकरी मिळवून देणाऱ्या त्यागराज चेट्टियार यांच्या स्मरणार्थ ‘त्यागराज विलासम’ असे नाव दिले. गुरू मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांचे दोन भागांतील चरित्रही त्यांनी लिहिले. ऋण विसरायचे नाही, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष होता.

उतारवयात त्यांनी ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकातून ‘एन् सरित्तिरम्’ हे आत्मचरित्र लिहावयास घेतले. १९४० पासून ते क्रमशः प्रसिद्ध होत होते. प्राचीन ग्रंथांत बुडालेल्या या पंडिताचे गद्य इतके सरळ आणि प्रसन्न होते, की ते घरोघरी वाचले गेले. हे आत्मचरित्र अपुरेच राहिले. दुसऱ्या महायुद्धाचे सावट मद्रासवर पडले, शहर रिकामे होऊ लागले आणि अय्यरांनाही आपल्या ग्रंथसंग्रहापासून दूर तिरुक्कळुकुन्रम येथे जावे लागले. तेथेच २८ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेल्या तीन हजारांहून अधिक हस्तलिखितांचा संग्रह पुढच्याच वर्षी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रंथालयात सुरक्षित झाला. चेन्नईच्या बेझंटनगर भागात हे ग्रंथालय त्यांचे नाव धारण करून आहे. ‘त्यागराज विलासम’ हे घर मात्र २०१२ मध्ये पाडण्यात आले.

अय्यरांच्या कार्याचे परिणाम दूरगामी ठरले. केंद्र सरकारने २००४ मध्ये तमिळला अभिजात भाषेचा दर्जा दिला. असा दर्जा मिळविणारी ती पहिली भारतीय भाषा. त्या मागणीचा भक्कम आधार संगम वाङ्मय हाच होता. मराठीला हा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. आपल्या भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो आणि तो पुरावा कोणीतरी आधी वाचवून ठेवलेला असावा लागतो, हे मराठी माणसालाही आता उमगले आहे.

कागदावर आलेले हे साहित्य पुढे संगणकावर आले. १९९८ च्या पोंगलला ‘प्रोजेक्ट मदुरै’ हा स्वयंसेवी उपक्रम सुरू झाला. देशोदेशीच्या तमिळ भाषकांनी आपापल्या घरी बसून प्राचीन ग्रंथ टंकलिखित केले, एकमेकांचे काम तपासले आणि सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. २००१ मध्ये तमिळनाडू सरकारचे तमिळ आभासी विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याच्या ग्रंथसंग्रहात मूळ संहितेबरोबर टीकाही उपलब्ध झाल्या. ही मंडळी ज्या छापील पुस्तकांवरून मजकूर उतरवीत होती, त्यांच्या मुळाशी अनेकदा अय्यरांचीच आवृत्ती होती.

त्यापुढचा टप्पा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. यंत्र आता ताडपत्राच्या छायाचित्रावरून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करते, हजारो कवितांतून एखादा शब्द शोधून देते, आधुनिक तमिळमध्ये अर्थ सांगते, दुसऱ्या भाषेत अनुवाद करते आणि दृष्टिहीनांना तो वाचूनही दाखविते. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. मद्रास आयआयटीतील ‘एआय-फोर-भारत’ या गटाने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत परस्पर अनुवाद करणारी यंत्रणा खुली केली. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीत ‘काशी तमिळ संगमम्’मध्ये पंतप्रधानांचे हिंदी भाषण भाषिणीच्या साहाय्याने जागच्या जागी तमिळमध्ये ऐकविण्यात आले. त्याच समारंभात ‘मणिमेखलै’सह अभिजात तमिळ ग्रंथांच्या विविध भाषांतील आणि ब्रेल लिपीतील आवृत्त्या प्रकाशित झाल्या. जो ग्रंथ १८८० मध्ये एका तमिळ पंडिताला पाहायला मिळत नव्हता, तो काशीत अंध वाचकाच्या बोटांखाली आला. अय्यरांना याहून मोठा आनंद कशाने झाला असता?

परंतु येथेच सावध राहण्याची गरज आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक यंत्रणा तिला पुरविलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचे अनुमान बांधते. तिच्यापुढे आधुनिक तमिळचा साठा मोठा आणि संगमकालीन तमिळचा तुलनेने अत्यल्प. दोन हजार वर्षांत अर्थ पालटलेल्या शब्दाला ती आजचा अर्थ चिकटवू शकते. त्याहून गंभीर बाब अशी, की रिकामी जागा तिला सहज भरता येते. ‘पुरनानूरु’ची २६७ वी कविता मागितली तर ती नसल्याचे सांगण्याऐवजी एखादी शोभिवंत कविता रचून देण्याचा मोह अशा यंत्रणांना पडू शकतो. त्या काव्याची भाषा न जाणणारा वाचक ती खरी मानेल, दुसऱ्याला पाठवील आणि हरवलेल्या कवितेच्या जागी एक बनावट कविता रूढ होईल. अग्नीने आणि नदीने प्राचीन साहित्य नष्ट केले, तरी त्याच्या जागी खोटे साहित्य आणून ठेवले नव्हते.

यावरचा उपाय यंत्र नाकारणे हा नव्हे. छापखाना हेही अय्यरांच्या काळातील नवे यंत्रच होते. मठातील पोथी लाकडी पेटीत सुरक्षित असताना ती छापून बाजारात आणण्याची गरज काय, असे म्हणणारे तेव्हाही होते. अय्यरांनी ते यंत्र निःसंकोचपणे हाती घेतले, पण त्याला आपली शिस्त लावली. हा पाठ कोणत्या पोथीतला, दुसऱ्या पोथीत काय आहे, येथे शंका आहे, येथे पान फाटले आहे, हे सारे त्यांनी वाचकासमोर मांडले. कृत्रिम बुद्धिमत्तेनेही अर्थ सांगताना आधार दाखवावा, टीकाकारांतील मतभेद लपवू नयेत आणि माहीत नसेल तेथे माहीत नाही म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी करायची तर यंत्राच्या मागे जुनी तमिळ जाणणारी, तिची उत्तरे तपासू शकणारी माणसेही तयार व्हावी लागतील. अय्यरांना ‘चिंतामणी’ उलगडून सांगणाऱ्या जैन श्रावकांची जागा रिकामी ठेवून चालणार नाही.

आज देशभर लक्षावधी हस्तलिखिते अद्याप कोणी न वाचलेल्या अवस्थेत पडून आहेत. त्यांत तमिळ आहेत, तशीच मोडी, बाळबोध आणि इतर लिप्यांतीलही आहेत. यंत्राची नजर आणि गती या कामी आली तर जे काम करण्यास अय्यरांना एक आयुष्य लागले, ते थोडक्या वर्षांत होऊ शकेल. वाळवी थांबत नाही, म्हणून ही गती हवीच आहे. मात्र त्या गतीला धर्मपुरमच्या मठात हरवलेल्या फुलांसाठी गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडत बसलेल्या अय्यरांच्या सचोटीची जोड मिळाली, तरच पुढच्या पिढ्यांच्या हाती पडणारे साहित्य खरोखर पूर्वजांचे असेल.